आधी ढकल, मग बघ

"तुझी गाडी कायम शिंकायच्या बेतात असल्यासारखी का दिसते रे?" असं कोडीनं विचारलं, आणि ऑर्व्हल लिंडक्विस्टच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

हे झालं शनिवारी सकाळी, डोनटच्या दुकानासमोर. दर शनिवारी तिथे गावातल्या जुन्या गाड्या जमतात. हातात कॉफीचे कागदी पेले, बॉनेट उघडी, तोंडानं "वा, झकास!" म्हणायचं आणि मनात दुसऱ्याच्या गाडीत खोट काढायची, अशी आमच्या ब्रॉकवेलची रीत आहे. कोडी चाळिशीचा, तोंडानं फटकळ. मनातलं तो मोठ्यानं बोलतो, एवढाच त्याचा दोष.

"नाक बघ ना तिचं," तो म्हणाला. "हॉट रॉड म्हणजे कशी हवी? पुढून खाली, मागून वर, वास काढत निघालेल्या कुत्र्यासारखी. ही तुझी आपली... आ... आ..." आणि त्यानं शिंक येण्याआधीचा चेहरा केला. सगळे हसले.

"ते नाक माझं नाही, लाइलचं आहे," ऑर्व्हल म्हणाला. हे उत्तर तो साठ वर्षं देत आला होता.

लाइल हा त्याचा थोरला भाऊ, सहा वर्षांनी मोठा. सन बत्तीसची ती फोर्ड दोघा भावांनी त्रेसष्ट साली एका शेतकऱ्याच्या खुराड्यातून कोंबड्या हाकलून बाहेर काढली. छप्पर कापलं, मोठं इंजिन घातलं, लाल रंग दिला, झाली हॉट रॉड. 'दोघांनी' हे म्हणायला. काम लाइलचं, ऑर्व्हल तेव्हा अठरा वर्षांचा, तो दिवा धरायचा आणि सँडविच खायचा. पहिलं वर्ष गाडी कशी तोऱ्यात होती! चौसष्टच्या वसंतात मात्र लाइलनं एकदा पुढची स्प्रिंग खोलली, आत काय केलं ते देव जाणे, आणि गाडीचं नाक वर गेलं ते गेलंच. ऑर्व्हलनं विचारलं तर म्हणाला, "असंच बरं असतं." तेव्हापासून लाइलला गाडीतलं कळतं पण नजर नाही, हे ऑर्व्हल गावभर सांगत आला. लाइल ऐकून घ्यायचा.

आता लाइल पंचाऐंशीचा होता आणि गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात राहत होता. पुढच्या शनिवारी सुगीची मिरवणूक होती. त्रेसष्टपासून एकही मिरवणूक त्या लाल गाडीनं आणि त्या दोन भावांनी चुकवलेली नव्हती. आणि मिरवणुकीच्या दुसऱ्याच दिवशी लाइलची मुलगी जोलीन त्याला कायमचं ॲरिझोनाला घेऊन जाणार होती. 'कायमचं' हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. पण लाइलनं त्याची पाने-पकडींसकट सगळी हत्यारं वाटून टाकली होती, आणि हत्यारं वाटून टाकणारा माणूस परत येत नाही, एवढं ऑर्व्हललाही कळत होतं.

म्हणून त्यानं ठरवलं, शेवटची फेरी तरी देखण्या गाडीतून होऊ दे. नाक खाली आणायचं. घरच्या घरी. लाइलला सांगायचं नाही, चकित करायचं.

"लाइलला विचारलंस?" बायकोनं, आर्डिथनं विचारलं.

"ज्यानं बिघडवलं त्यालाच काय विचारायचं?"

"बिघडवलं म्हणजे काय? साठ वर्षं चालतेय ना ती?"

"चालतेय गं. पण दिसते कशी!"

"तूही साठ वर्षं चालतोयस," आर्डिथ म्हणाली. "मी काही दिसण्याचं काढलं का कधी?"

बुधवारी सकाळी ऑर्व्हल जॅक लावून गाडीखाली शिरला. या गाडीत पुढे एकच आडवी स्प्रिंग असते. एकावर एक रचलेले पोलादी पाटे, वरचा सगळ्यात लांब, खाली आखूड होत गेलेले. पाटे कमी केले की नाक खाली येतं. मधला बोल्ट काढण्याआधी शिकंजे आवळावे लागतात, नाहीतर पाटे उडतात आणि दात पाडतात. एवढं त्यानं नीट केलं. दहा पाटे निघाले. त्यातले दोन वेगळे होते, जरा रुंद, कुठल्यातरी ट्रकचे असावेत.

"हे बघ तुझ्या दिराचं काम!" तो गाडीखालून ओरडला. "ट्रकचे पाटे घातलेत इथे! ट्रकचे!"

"मग त्याला वाटलं असेल काहीतरी," आर्डिथ स्वयंपाकघरातून म्हणाली.

ते दोन त्यानं लगेच काढून टाकले. बाकीची स्प्रिंग चढवली, टोकांचे नट दात-ओठ खाऊन आवळले आणि गाडी जॅकवरून खाली घेतली. बघतो तर नाक जिथल्या तिथे. जेमतेम बोटभर फरक.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं की गाडी हवेत असताना नट आवळले की टोकं आखडून बसतात. गाडी खाली ठेवली तरी ती काही वेळ ताठच राहते. तिला दहा पावलं पुढे-मागे ढकलायची, सगळं सैल होऊ द्यायचं, मग ती आपल्या खऱ्या उंचीवर बसते. लाइलनं तर वडिलांच्या गॅरेजच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं होतं: आधी ढकल, मग बघ. आणि ऑर्व्हलनं दिवा धरून ते वाक्य हजारदा वाचलं होतं.

पण ढकलायची कुठे? गाडीच्या पुढे फ्रीझर, मागे आर्डिथनं चर्चच्या विक्रीसाठी गोळा केलेली खोकी, छतापर्यंत. ती खोकी शुक्रवारी संध्याकाळी जाणार होती. तोवर कोण थांबतो? ऑर्व्हलनं पुन्हा जॅक लावला आणि आणखी तीन पाटे काढले.

या खेपेला नाक खरंच खाली आलं. सुरेख, दोन इंच. त्यानं मागे सरून बघितलं, डावीकडून बघितलं, गुडघ्यावर बसून बघितलं. शुक्रवारी खोकी गेली. तेव्हा तरी गाडी ढकलून बघावी की नाही? पण तोवर हात धुतलेले होते, पोटात भाजलेली कणसं गेली होती, आणि गाडीला पॉलिश झालं होतं. चांगलं दिसणाऱ्या गोष्टीला कशाला डिवचा, असा विचार माणूस करतो. मीही केला असता.

शनिवारी सकाळी नऊला ऑर्व्हलनं पांढरा शर्ट घातला, गाडी सुरू केली आणि गॅरेजमधून बाहेर काढली. दहा पावलं गेली असेल नसेल, पुढून 'कुर्र... टक्' असा आवाज आला आणि नाक आणखी तीन इंच खाली बसलं.

तो उतरला. आणि खरं सांगायचं तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकी ती गाडी देखणी दिसत होती. वास काढत निघालेला कुत्रा, हुबेहूब.

"आर्डिथ! ए आर्डिथ! बाहेर ये! बघ, बघ!"

आर्डिथ हात पुसत बाहेर आली. तिनं गाडीकडे बघितलं, मग फाटकाशी असलेल्या सिमेंटच्या पन्हळीकडे बघितलं. घर तिच्या वडिलांचं. घर आणि रस्ता यांच्यामधली ती पावसाच्या पाण्याची पन्हळ जुन्या काळची, चांगली खोल.

"ही त्यातून जाईल?" तिनं विचारलं.

"साठ वर्षं जातेय ना!" ऑर्व्हल म्हणाला, आणि गाडीत बसला.

पुढची चाकं पन्हळीत उतरली. मग 'खर्रर्र' असा आवाज झाला, तो बंदच होईना, आणि गाडीचं पोट उताराच्या कडेवर टेकलं. पुढे जाईना. मागे घेतली तर मागची चाकं जागच्या जागी फिरून रबराचा वास सुटला. ऑर्व्हलनं इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला.

समोरच्या घरातला मर्ल रस्ता ओलांडून आला. मर्लचा स्वभाव असा की दुसऱ्याची गाडी अडकली की त्याला तरतरी येते.

"पोट टेकलं," तो वाकून म्हणाला.

"माहितीय मला."

"हे सी-सॉ आहे, ऑर्व्हल. मधे टेकलंय ना? मग मागे वजन टाकलं की पुढचं उचललं जाईल. साधं गणित!"

ऑर्व्हलला ते पटलं. साडेनऊ वाजले होते, त्याला त्या वेळी काहीही पटलं असतं. मर्लनं घरातून बायकोला बोलावलं, बायकोबरोबर मिरवणूक बघायला आलेल्या तिच्या दोन बहिणी आल्या, तिघीही खात्यापित्या घरच्या. मर्लसकट चौघं मागच्या डिकीवर बसली. सी-सॉच्या गणितात एकच गोष्ट राहिली होती, ती म्हणजे मागेही स्प्रिंग असते. मागची बाजू शांतपणे खाली बसली, पुढची तसूभरही उठली नाही, आणि मधोमध काहीतरी कडाडून मोडलं.

"काय झालं ते?" थोरली बहीण म्हणाली.

"सायलेन्सर," ऑर्व्हल म्हणाला. "उतरा आता. हळू. देवासाठी हळू उतरा."

मग मर्लनं फळ्या आणल्या. पहिली तुटली. दुसरी उडाली आणि आर्डिथच्या गुलाबात पडली. तेवढ्यात फोन वाजला. लाइल आठ वाजल्यापासून टाय लावून, उन्हाळी टोपी घालून आश्रमाच्या ओसरीवर बसला होता.

"काय सांगू?" आर्डिथनं फोनवर हात ठेवून विचारलं.

"सांग, वाटेत आहे म्हणावं!"

"खोटं कशाला बोलू?"

"खोटं कुठाय? वाटेतच आहे ना मी! आडवा आलोय सगळ्यांच्या!" आणि तो इतका मोठ्यानं ओरडला की फोनमध्ये लाइललाही ऐकू गेलं असणार. आर्डिथनं फोनवर सांगितलं, "लाइल, गाडीचं जरा झालंय. मर्ल येतोय तुला घ्यायला."

सव्वादहाला मर्लच्या पिकअपमधून लाइल आला. मांडीवर लोकरी शाल, जुलैच्या उकाड्यात. म्हाताऱ्याला हल्ली कायम थंडी वाजायची. त्याला गवतावर घडीच्या खुर्चीत बसवलं. त्यानं टोपी काढली, गाडी बघितली, ऑर्व्हलनं गॅरेजमधून आणून गवतावर टाकलेले पाच पाटे बघितले. ऑर्व्हल शेजारी मान खाली घालून उभा होता, वय एकोणऐंशी, शर्ट पांढरा नव्हता राहिला.

"ढकललीस का आधी?" लाइलनं विचारलं.

ऑर्व्हलनं बुटानं एक पाटा सरळ केला.

"मग बघितलंस कसं?"

"चुकलं माझं," ऑर्व्हल म्हणाला. "कोडी हसला आणि मी चढलो हरभऱ्याच्या झाडावर. मला वाटलं, शेवटच्या... मला वाटलं, या खेपेला तरी तू चांगल्या दिसणाऱ्या गाडीत बसावंस."

"दिसतेय मात्र छान," लाइल म्हणाला.

"लाइल, पाटे परत घालायला चार तास लागतील. अकराला मिरवणूक."

"मग घाल परत. मला कुठे जायचंय?"

पण त्याला जायचं होतं, उद्याच, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. मर्लनं दोन जॅक लावून गाडी उचलली आणि ऑर्व्हल पांढऱ्या शर्टानिशी खाली शिरला.

अकरा वाजता तीन रस्त्यांपलीकडून शाळेच्या बँडचा आवाज यायला लागला. मर्लच्या मेहुण्या खुर्च्या घेऊन तिकडे गेल्या. ऑर्व्हल गाडीखाली नट सोडवत होता आणि ढोल ऐकत होता. एकसष्ट मिरवणुका झाल्या होत्या, ही बासष्टावी, आणि ती आपण एका शिंकेपायी घालवली हे त्याला त्या पन्हळीत पडल्या पडल्या नीट कळलं. त्याला रडू आलं. गाडीखाली असल्यानं सोय होती.

"मी आधीच्यासारखीच करतो," तो खालून म्हणाला. "तुझं ते वर गेलेलं नाक तुला परत देतो. पण आता तरी सांग, ट्रकचे पाटे का घातले होतेस?"

लाइल जरा वेळ बँड ऐकत राहिला.

"चौसष्ट साली तू रोज रात्री कुठे जायचास?" त्यानं विचारलं.

"इथे. आर्डिथला सोडायला."

"आणि मग?"

"मग काय! ही पन्हळ. गाडी अशी घासायची की तिचा बाप, निस्ट्रॉम म्हातारा, वर खिडकीत उभा. मला म्हणाला होता, पुन्हा हा आवाज आला तर माझ्या पोरीला भेटायचं नाही. पण मग मी गाडी हळू घ्यायला शिकलो आणि आवाज..."

गाडीखालून ऑर्व्हलचे फक्त बूट दिसत होते, तेही हलेनासे झाले.

"तू कसला शिकतोस हळू घ्यायला," लाइल म्हणाला. "दोन पाटे घातले मी. बाबांच्या धान्याच्या ट्रकचे."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू निस्ट्रॉमला जाऊन सांगितलं असतंस. तुझ्या तोंडात तीळ भिजतो कुठे?"

"साठ वर्षं! साठ वर्षं मी गावभर सांगत फिरलो की तुला नजर नाही!"

"ऐकलंय मी."

आर्डिथ लिंबाचं सरबत घेऊन आली होती. ती ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली. "बाबा काय म्हणाले होते माहितीय?" ती म्हणाली. "म्हणाले, पोरगा दुसऱ्याच्या दारातून आवाज न करता जायला शिकलाय. असा माणूस घरात आवाज चढवायचा नाही. कर लग्न." तिनं ट्रे गवतावर ठेवला. "मला तेव्हापासून प्रश्न पडलाय, बाबांचा अंदाज एवढा कसा चुकला."

मर्ल मोठ्यानं हसला. लाइलही हसला. गाडीखालून ऑर्व्हल म्हणाला, "आर्डिथ, सकाळी मी ओरडलो. ओरडायला नको होतं."

"कळलं. सरबत घे."

दुपारी तीनला सायलेन्सर तारेनं बांधून झाला आणि पाटे चढवायची वेळ आली. तेव्हा लक्षात आलं, गवतावर चारच आहेत.

"पाच होते!" ऑर्व्हल म्हणाला. "ट्रकचे दोन होते, एकच दिसतोय!"

मर्लनं गुलाब धुंडाळले. आर्डिथनं गॅरेज झाडलं. ऑर्व्हल हातापायांवर रांगत गवत चाचपत होता. "लाइल, तू इथेच बसलायस, तुला दिसला का?"

"मला आता लांबचं नीट दिसत नाही," लाइल शाल सारखी करत म्हणाला. "नऊवर भागव."

नऊवर भागवलं. गाडी खाली घेतली. ऑर्व्हल बघायला मागे सरला आणि खुर्चीतून आवाज आला, "ए!"

"हो, हो! ढकलतो आधी!"

मर्ल, आर्डिथ आणि ऑर्व्हलनं गाडी पुढे-मागे ढकलली, दहा पावलं, तीनदा. मग सगळ्यांनी बघितलं. नाक पूर्वीपेक्षा इंचभर खाली होतं. सरळ, ऐटबाज. ना शिंक, ना कुत्रा. लाइल बराच वेळ बघत राहिला.

साडेचारला दोघं भाऊ निघाले. पन्हळीपाशी ऑर्व्हलनं श्वास रोखला. चाकं उतरली, चढली, आणि खालून अगदी हलकं 'खर्र' झालं. लाइलनं मान वळवून वरच्या खिडकीकडे बघितलं.

"आता काय, म्हातारा नाही वर," तो म्हणाला. मग त्यानं शालीखालून ट्रकचा पाटा काढला आणि दोघांच्या मधे ठेवला.

"लाइल!"

"मलाही ती खालीच हवी होती रे," लाइल म्हणाला. "पहिल्यापासून. जराशीच."

ऑर्व्हलला पंचवीस वर्षांचा लाइल आठवला, स्वतःच्या हातांनी गाडीचं नाक वर करणारा आणि "असंच बरं असतं" म्हणणारा. एकदा जरी नीट विचारलं असतं तरी मधली साठ वर्षं ती गाडी दोघांना हवी तशी चालवता आली असती.

मुख्य रस्त्यावर मिरवणुकीचं काही उरलं नव्हतं. दोन माणसं खुर्च्या घड्या घालून ट्रकमध्ये टाकत होती आणि एकजण घोड्यांच्या मागचं झाडत होता. ऑर्व्हलनं गाडी चालण्याच्या वेगानं घेतली. लाइलनं टोपी काढली आणि दरवर्षीसारखा हात हलवला, आधी डावीकडे, मग उजवीकडे. झाडणाऱ्यानं झाडू खाली ठेवला आणि त्यालाही हात केला.

रविवारी सकाळी जोलीन लाइलला घेऊन गेली. सामानात कपड्यांच्या दोन बॅगा होत्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पोलादी पाटा. तिनं विचारलं, हे काय? लाइल म्हणाला, राहू दे.

गाडी अजून नऊ पाट्यांवरच आहे. डोनटच्या दुकानासमोर कोडीनं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलला नाही. दर शनिवारी ऑर्व्हल बाहेर पडतो तेव्हा पन्हळीत 'खर्र' होतं, आणि वडील जाऊन तीस वर्षं झाली तरी आर्डिथ स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडते, "हळू रे! बाबा उठतील!"